खबर, विश्वास आणि झडती : तपासाच्या अधिकाराची कायदेशीर कसोटी

नागरिकाच्या घरात वा दुकानात शिरून झडती घेण्याचा अधिकार हा राज्यसंस्थेच्या हाती असलेल्या अत्यंत प्रखर अधिकारांपैकी एक होय. चोरीचा माल, अमली पदार्थ, बनावट नोटा अथवा दडविलेले उत्पन्न या गोष्टी कोणी उघड्यावर ठेवीत नाही. त्या शोधाव्या लागतात आणि शोधाचा पहिला धागा बहुधा कोणा तरी खबऱ्याकडून मिळतो. खबर देणारा कधी कर्तव्यबुद्धीने पुढे येतो, कधी बक्षिसाच्या आशेने, तर कधी जुन्या वैरापोटी. त्याची खबर खरी असेल तर गुन्हा उघडकीस येतो. ती खोटी असेल, तर एका निरपराध कुटुंबाच्या कपाटापासून स्वयंपाकघरापर्यंत सर्व काही परक्यांच्या हातांखालून जाते आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या नजरेत जी प्रतिष्ठा जाते, ती कोणत्याही पंचनाम्याने परत मिळत नाही.

म्हणूनच कोणत्या खबरीवर, किती पडताळणीनंतर आणि कोणाच्या निर्णयाने झडती घ्यावी, हा प्रश्न कायद्याच्या राज्याच्या दृष्टीने मूलभूत ठरतो. या प्रश्नाचा सर्वांत तपशीलवार विचार अमेरिकेच्या न्यायालयांनी केला आहे. भारताने त्याच प्रश्नाचे उत्तर वेगळ्या मार्गाने शोधले आहे. या दोन्ही मार्गांचा आणि त्यांमागील तर्काचा परिचय राज्यव्यवस्था, अंतर्गत सुरक्षा व करप्रशासन या तिन्ही विषयांच्या अभ्यासकांना उपयुक्त ठरेल.

'प्रॉबेबल कॉज'ची संकल्पना

अमेरिकेच्या राज्यघटनेतील चौथी दुरुस्ती १७९१ मध्ये अमलात आली. व्यक्ती, घर, कागदपत्रे आणि चीजवस्तू यांची अवाजवी झडती व जप्ती होऊ नये, असे ती सांगते. तिच्यानुसार झडतीचे वॉरंट काढण्यासाठी तीन अटी पूर्ण व्हाव्या लागतात. त्यासाठी 'प्रॉबेबल कॉज', म्हणजे संभाव्य व सयुक्तिक कारण असले पाहिजे. त्या कारणास शपथेचा आधार असला पाहिजे. आणि कोणत्या जागेची झडती घ्यावयाची व कोणती वस्तू जप्त करावयाची, याचा वॉरंटमध्ये नेमका उल्लेख असला पाहिजे. ब्रिटिश अमदानीत वसाहतींमधील अधिकारी सरसकट झडतीची परवानगी देणारे हुकूम घेऊन कोणाच्याही घरात शिरत. त्या कटू अनुभवातून ही तरतूद जन्मास आली.

संभाव्य कारण हे संशयापेक्षा अधिक, परंतु गुन्हा सिद्ध करण्यास लागणाऱ्या पुराव्यापेक्षा कमी असते. विशिष्ट जागी विशिष्ट वस्तू सापडण्याची वाजवी शक्यता दिसत असेल तर ते पुरेसे मानले जाते. ही शक्यता आहे की नाही हे तपासात गुंतलेल्या पोलीस अधिकाऱ्याने ठरवावयाचे नसून तटस्थ दंडाधिकाऱ्याने ठरवावयाचे, हे या संकल्पनेचे दुसरे वैशिष्ट्य होय.

खबऱ्याच्या विश्वासार्हतेची कसोटी

पोलिसांचे शपथपत्र खबऱ्याच्या सांगण्यावर आधारलेले असेल तर दंडाधिकाऱ्याने काय पाहावे? 'अ‍ॅग्विलार विरुद्ध टेक्सास' (१९६४) या खटल्यात पोलिसांनी एवढेच लिहिले होते, की एका विश्वासू व्यक्तीकडून त्यांना खात्रीलायक माहिती मिळाली आहे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने हे शपथपत्र अपुरे ठरविले. 'स्पिनेली विरुद्ध अमेरिका' (१९६९) या निकालाने हा विचार पक्का केला. त्यातून दुहेरी कसोटी तयार झाली. पहिला प्रश्न असा, की खबऱ्यास ही गोष्ट कशी कळली? त्याने ती डोळ्यांनी पाहिली, की बाजारात ऐकली? दुसरा प्रश्न असा, की या खबऱ्यावर विश्वास का ठेवावा? त्याच्या पूर्वीच्या खबरी खऱ्या निघाल्या होत्या काय? दोन्ही प्रश्नांची उत्तरे स्वतंत्रपणे समाधानकारक असणे आवश्यक मानले गेले.

या कसोटीपुढे अडचण उभी केली ती एका निनावी पत्राने. मे १९७८ मध्ये इलिनॉय राज्यातील ब्लूमिंगडेल या गावाच्या पोलिसांना ते टपालाने मिळाले. गावातील एक दांपत्य अमली पदार्थांचा व्यापार करते, पत्नी मोटार घेऊन फ्लोरिडास जाते व विमानाने परतते, पती नंतर विमानाने तेथे जातो आणि माल भरलेली मोटार चालवीत आणतो, असे त्यात लिहिले होते. पत्र लिहिणारा कोण, त्याला हे कसे कळले, याचा पत्ता नव्हता. दुहेरी कसोटीच्या दोन्ही प्रश्नांना पत्राजवळ उत्तर नव्हते. मात्र पोलिसांनी पत्र मिळताच धाड घातली नाही. त्यांनी पाळत ठेवली. पती खरोखरच विमानाने फ्लोरिडास गेला, पत्नीच्या नावाने घेतलेल्या खोलीत उतरला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मोटारीने उत्तरेकडे निघाला. पत्रातील एक तपशील मात्र चुकला होता. पत्नी विमानाने परतली नाही. ती पतीसोबत मोटारीतच होती. एवढ्या पडताळणीवर न्यायाधीशांनी वॉरंट दिले आणि मोटारीत सुमारे ३५० पौंड गांजा सापडला.

राज्यातील न्यायालयांनी ही झडती अवैध ठरविली होती. 'इलिनॉय विरुद्ध गेट्स' (१९८३) या निकालात सर्वोच्च न्यायालयाने ती वैध मानली आणि दुहेरी कसोटीच्या जागी 'एकूण परिस्थिती'ची कसोटी आणली. खबऱ्याचे ज्ञान व त्याची विश्वासार्हता हे दोन्ही घटक महत्त्वाचेच राहिले. परंतु एका बाजूची उणीव दुसऱ्या बाजूने, विशेषतः पोलिसांच्या स्वतंत्र पडताळणीने, भरून निघू शकते असे ठरले. वॉशिंग्टन व न्यूयॉर्क यांसारख्या काही राज्यांच्या न्यायालयांनी आपापल्या राज्यघटनेच्या आधारे जुनी दुहेरी कसोटी पुढेही कायम ठेवली.

पडताळणी कशाची झाली, यालाही महत्त्व आहे. 'फ्लोरिडा विरुद्ध जे. एल.' (२०००) या प्रकरणात निनावी दूरध्वनीवरून सांगण्यात आले होते, की अमुक बसथांब्यावर चौकटीचा सदरा घातलेल्या तरुणाजवळ पिस्तूल आहे. तरुण तेथे होता, सदराही तसाच होता आणि पिस्तूलही सापडले. तरीसुद्धा न्यायालयाने त्याला अडवून घेतलेली अंगझडती एकमताने अवैध ठरविली. कपड्यांचे वर्णन रस्त्यावरून जाणारा कोणीही करू शकतो; बेकायदेशीर कृत्याची माहिती खबऱ्यास आहे, हे त्यावरून दिसत नाही. गेट्स प्रकरणातील पत्राने पुढे काय घडणार हे सांगितले होते आणि तेच त्याचे बळ होते.

शक्यतेचे गणित

पडताळणीवरील हा भर केवळ न्यायालयीन काटेकोरपणा नव्हे. त्यामागे संख्याशास्त्राचा साधा नियम आहे. एका कल्पित उदाहरणाने तो स्पष्ट होईल. एका बाजारपेठेत २,००० दुकाने आहेत आणि त्यांपैकी १०० दुकानांत बेकायदेशीर माल दडविलेला आहे, असे मानू. खबऱ्या बराच जाणकार आहे. दोषी दुकानांपैकी ८० टक्के दुकाने तो बरोबर ओळखतो आणि निर्दोष दुकानांपैकी केवळ १० टक्के दुकानांवर चुकीने बोट ठेवतो. म्हणजे तो १०० पैकी ८० दोषी दुकाने दाखवील. पण त्याचबरोबर १,९०० पैकी १९० निर्दोष दुकानेही दाखवील. त्याने दाखविलेल्या एकूण २७० दुकानांपैकी दोषी फक्त ८०, म्हणजे सुमारे ३० टक्के. खबऱ्या '८० टक्के खरा' असूनही त्याच्या शब्दावर घातलेल्या दहा धाडींपैकी सात धाडी निरपराधांवर पडतील.

आता या २७० दुकानांबाबत तितक्याच अचूकतेची दुसरी, स्वतंत्र तपासणी करू. त्यानंतर ६४ दोषी व १९ निर्दोष, अशी ८३ दुकाने उरतात. दोषींचे प्रमाण सुमारे ७७ टक्क्यांवर जाते. संशयाचे रूपांतर सयुक्तिक विश्वासात होते ते असे. याची किंमतही आहे, कारण १६ दोषी दुकाने या दुसऱ्या चाळणीतून निसटतात. निरपराधावर धाड पडणे आणि अपराधी सुटणे या दोन चुकांपैकी समाजाने कोणती किती सोसावयाची, याचा निवाडा कायदा अशा कसोट्यांमधून करीत असतो.

या उदाहरणातील 'स्वतंत्र' हा शब्द कळीचा आहे. दुसरी माहिती पहिल्याच अफवेतून आलेली असेल, तर दोन खबऱ्यांचे एकमत हे एकाच आवाजाचे दोन प्रतिध्वनी ठरतात आणि शक्यता तसूभरही वाढत नाही. दुकानाचा पत्ता किंवा मालकाचे नाव बरोबर असणे हीदेखील पडताळणी नव्हे, कारण या गोष्टी सर्वांनाच ठाऊक असतात.

भारतीय कायद्यातील 'विश्वास ठेवण्यास कारण'

भारतीय राज्यघटनेत अमेरिकेच्या चौथ्या दुरुस्तीसारखी स्वतंत्र तरतूद नाही. 'एम. पी. शर्मा विरुद्ध सतीश चंद्र' (१९५४) या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या आठ न्यायाधीशांच्या पीठाने याच मुद्द्यावर भर देऊन झडतीच्या अधिकारावर तशी घटनात्मक मर्यादा आणण्यास नकार दिला होता. पुढे २४ ऑगस्ट २०१७ रोजी 'न्या. पुट्टस्वामी' खटल्यात नऊ न्यायाधीशांच्या घटनापीठाने खासगीपणाचा अधिकार मूलभूत असल्याचे घोषित केले आणि त्यास विसंगत असलेला आधीच्या निकालाचा भाग रद्द ठरविला. परिणामी झडतीचा प्रत्येक अधिकार आज कायद्याचा आधार, न्याय्य उद्दिष्ट आणि प्रमाणबद्धता या निकषांवर पाहावा लागतो.

दैनंदिन व्यवहारात मात्र नागरिकाचे खरे संरक्षण निरनिराळ्या कायद्यांतील एका शब्दप्रयोगात आहे. तो म्हणजे 'विश्वास ठेवण्यास कारण'. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ९७ नुसार चोरीचा माल असलेल्या जागेच्या झडतीचे वॉरंट दंडाधिकाऱ्याने माहिती मिळाल्यावर आणि आवश्यक वाटेल ती चौकशी केल्यावर, तसा विश्वास ठेवण्यास कारण असेल तर काढावयाचे असते. खबर आणि विश्वास यांच्यामध्ये कायद्यानेच चौकशीची पायरी ठेवली आहे, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. कलम १८५ नुसार विलंब टाळण्यासाठी तपास अधिकारी वॉरंटशिवाय झडती घेऊ शकतो. परंतु त्याने आपल्या विश्वासाची कारणे आधी लेखी नोंदविली पाहिजेत आणि त्या नोंदीची प्रत ४८ तासांच्या आत दंडाधिकाऱ्याकडे पाठविली पाहिजे. कलम १०३ ने स्थानिक व प्रतिष्ठित अशा दोन वा अधिक पंचांची उपस्थिती, तर कलम १०५ ने झडतीचे दृक्-श्राव्य चित्रण आवश्यक केले आहे.

अमली पदार्थविषयक १९८५ च्या कायद्याचे कलम ४२ याहून नेमके आहे. स्वतःच्या माहितीवरून अथवा कोणी दिलेल्या आणि लिहून घेतलेल्या खबरीवरूनच अधिकाऱ्यास वॉरंटशिवाय झडतीची कारवाई करता येते आणि ती लेखी खबर ७२ तासांच्या आत वरिष्ठांकडे पाठवावी लागते. 'कर्नेल सिंग विरुद्ध हरियाणा राज्य' (२००९) या निकालात घटनापीठाने स्पष्ट केले, की तातडीच्या प्रसंगी झालेला विलंब समाधानकारक स्पष्टीकरणाने क्षम्य ठरू शकतो. या तरतुदीचे पूर्णतः उल्लंघन मात्र चालणार नाही.

करप्रशासनातही हाच शब्दप्रयोग आढळतो. १९६१ च्या प्राप्तिकर कायद्यातील कलम १३२ नुसार हाती असलेल्या माहितीच्या परिणामी विश्वास ठेवण्यास कारण असेल, तरच वरिष्ठ अधिकाऱ्यास झडतीचा आदेश देता येत असे. २०२५ चा नवा प्राप्तिकर कायदा १ एप्रिल २०२६ या तारखेपासून लागू करण्याची तरतूद असून त्यात हा विषय कलम २४७ मध्ये आला आहे. 'लखमणी मेवाल दास' (१९७६) या करपुनर्निर्धारणाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 'विश्वास ठेवण्यास कारण' आणि 'संशय घेण्यास कारण' यांतील भेद स्पष्ट केला. हाती असलेली माहिती आणि काढलेला निष्कर्ष यांत जिवंत व सयुक्तिक दुवा असला पाहिजे, असे त्यात म्हटले आहे.

न्यायालयीन तपासणीची व्याप्ती मात्र मर्यादित आहे. नागपूर येथील एका उद्योगावरील झडतीचा आदेश मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने रद्द केला होता. सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये तो निर्णय फिरविला. कारणे आदेशापूर्वी नोंदविलेली असावीत, ती प्रामाणिक व विषयाशी संबंधित असावीत, एवढे न्यायालय पाहू शकते. ती पुरेशी होती की नाही, हे नाही. २०१७ च्या वित्त कायद्याने ही कारणे कोणत्याही व्यक्तीस, प्राधिकरणास अथवा अपील न्यायाधिकरणास उघड न करण्याची तरतूद १ एप्रिल १९६२ पासून पूर्वलक्षी प्रभावाने केली. उच्च व सर्वोच्च न्यायालयाचा रिट अधिकार घटनादत्त असल्याने ती न्यायालये मूळ नोंदी मागवून पाहू शकतात.

अवैध झडतीतील पुराव्याचे काय?

दोन्ही देशांतील मोठा फरक येथे दिसतो. अमेरिकेत 'मॅप विरुद्ध ओहायो' (१९६१) या निकालापासून अवैध झडतीत मिळालेला पुरावा राज्यांच्या न्यायालयांतही अग्राह्य ठरतो. १९८४ च्या 'लिऑन' निकालाने, पोलिसांनी वॉरंटवर सद्भावनेने विसंबून केलेल्या कारवाईपुरता अपवाद ठेवला आहे. भारतात 'पूरणमल' (१९७४) निकालानुसार पुरावा संबद्ध असेल तर झडती अवैध असल्याच्या एकट्या कारणावरून तो वगळला जात नाही. यालाही एक महत्त्वाचा अपवाद आहे. अमली पदार्थविषयक कायद्याच्या कलम ५० नुसार अंगझडतीपूर्वी राजपत्रित अधिकारी वा दंडाधिकारी यांच्यासमोर झडती घेण्याच्या हक्काची जाणीव संबंधितास द्यावी लागते. ती न देता सापडलेली वस्तू बेकायदेशीर ताब्याचा पुरावा म्हणून वापरता येत नाही, असे 'बलदेव सिंग' (१९९९) निकालात घटनापीठाने ठरविले.

या फरकाचा अर्थ खोल आहे. पुरावा गमावण्याची भीती अमेरिकेतील पोलिसांना आधी पडताळणी करण्यास भाग पाडते. भारतात ती भीती बव्हंशी नसल्याने झडतीपूर्वी लिहिलेली कारणांची नोंद हेच शिस्तीचे मुख्य साधन उरते. माल सापडल्यानंतर प्रत्येक खबर विश्वसनीय वाटू लागते. म्हणून नोंद आधीची असण्याला महत्त्व आहे. खबरीत नेमके काय होते, ती कशी तपासली आणि त्यातून कोणता निष्कर्ष निघाला, हे त्या वेळी लिहिले गेले नाही, तर नंतर ते तपासण्याचा कोणताही मार्ग न्यायालयाजवळ राहत नाही.

खबऱ्याचे हेतू आणि प्रोत्साहन

खबर ही अर्थशास्त्राच्या भाषेत एक सेवा आहे आणि तिचा पुरवठा मिळणाऱ्या लाभावर व पत्कराव्या लागणाऱ्या जोखमीवर अवलंबून असतो. प्रत्यक्ष कर विभागाने २०१८ मध्ये जाहीर केलेल्या योजनांत करचुकवेगिरीच्या खबरीसाठी कमाल ५० लाख रुपये, बेनामी मालमत्तेच्या खबरीसाठी १ कोटी रुपये आणि परदेशातील काळ्या पैशाच्या खबरीसाठी ५ कोटी रुपये बक्षीस ठेवण्यात आले. खबऱ्यास सूडापासून वाचविण्यासाठी भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम १३१ ने खबर कोठून मिळाली हे सांगण्याची सक्ती दंडाधिकारी, पोलीस व महसूल अधिकाऱ्यांवर करता येणार नाही, असे म्हटले आहे.

गुप्ततेची दुसरी बाजूही लक्षात घ्यावयास हवी. ज्याचे नाव कधीच उघड होणार नाही, त्याला खोटे बोलण्याचा खर्च फारसा नसतो. व्यवसायातील प्रतिस्पर्धी, भागीदारीतून बाहेर पडलेला सहकारी अथवा दुखावलेला नातलग या स्थितीचा लाभ घेऊ शकतो. त्यावर दोन उपाय आहेत. बक्षीस खबर दिल्याबद्दल न देता तिच्या प्रत्यक्ष फलिताशी जोडणे हा पहिला. जाणूनबुजून दिलेल्या खोट्या खबरीस शिक्षा हा दुसरा. अमली पदार्थविषयक कायद्याच्या कलम ५८ मध्ये अशी खबर देऊन अटक वा झडती घडवून आणणाऱ्यास दोन वर्षांपर्यंतच्या कारावासाची तरतूद आहे. त्याच कलमानुसार, कारण नसताना जाचक झडती घेणारा अधिकारीही शिक्षेस पात्र ठरतो.

समारोप

सारांश, खबर हा तपासाचा आरंभ आहे. झडतीचा आधार तिला पडताळणीनंतरच बनता येते. अमेरिकेने ही पडताळणी तटस्थ दंडाधिकारी व पुरावा वगळण्याचा नियम यांच्या साह्याने साधण्याचा प्रयत्न केला. भारताने लेखी कारणे, वरिष्ठांची संमती, पंच आणि आता दृक्-श्राव्य चित्रण यांवर भिस्त ठेवली आहे. यांपैकी पंच व चित्रण झडती कशी झाली एवढेच सांगतात. ती का झाली, याची साक्ष देणारी गोष्ट एकच, अधिकाऱ्याने दार ठोठावण्यापूर्वी लिहिलेली नोंद. प्रामाणिक करदाता व छोटा व्यापारी यांचा शासनावरील विश्वास, आणि पर्यायाने कायदा स्वेच्छेने पाळण्याची वृत्ती, त्या नोंदीच्या सच्चेपणावर बरीच अवलंबून असते. उद्या प्रशासनात प्रवेश करणाऱ्या विद्यार्थ्यांपैकी अनेकांवर ती नोंद लिहिण्याची जबाबदारी येणार आहे. खबऱ्याला हे कसे कळले, त्यावर विश्वास का ठेवावा आणि स्वतंत्रपणे काय तपासले, या तीन प्रश्नांची उत्तरे कागदावर देता येत नसतील, तर झडतीची वेळ अद्याप आलेली नाही, असेच समजावे.